अर्ध्या मुहूर्ताची गाडी

पुण्याची माणसं पानशेतला दोनच गोष्टींवरून ओळखतात : १२ जुलै १९६१ आणि रविवार. पहिल्या दिवशी पानशेतचं धरण फुटून त्याचं पाणी पुण्यात शिरलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे दर आठवड्याला, पुणं पानशेतात शिरतं. उरलेले सहा दिवस हा रस्ता गावकऱ्यांचा. त्या सहा दिवसांत डोणजे मागे टाकून खानापूर, रुळे, कुरण करत पुढे गेलं, की समोरून येणारी चारचाकी पांढरी बोलेरो असण्याची शक्यता इतकी दांडगी, की माणसं आधी हात वर करतात आणि आत कोण होतं ते मागाहून आठवत बसतात.

महिंद्राची बोलेरो २००० साली आली. तेव्हापासून तिचं नवं रूप आल्याच्या जाहिराती अधूनमधून येत राहिल्या आणि दर वेळी गावात एकच प्रश्न विचारला गेला : 'यात नवीन काय?' खरा मोठा बदल झाला तो २०१६मध्ये, आणि तोही वाढीचा नव्हे, काटछाटीचा. ४१०७ मिलिमीटर लांबीची गाडी ३९९५ मिलिमीटरवर आणली, अडीच लिटरच्या इंजिनाच्या जागी दीड लिटरचं बसवलं. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, हे त्यामागचं साधं कारण. एरवी माणसाची उंची वाढली की घरच्यांना आनंद होतो; मोटारीच्या बाबतीत भारत सरकारनं तो उलटा करून ठेवला आहे.

तर २०२५च्या श्रावणात पानशेतच्या वाटेवरच्या एका घरात बोलेरो घ्यायचं ठरलं, असं धरू. घर कल्पनेतलं आहे. तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्या घरापेक्षा त्या तारखाच जास्त विनोदी आहेत.

घरात आबा. इंद्रायणी भात, चार दुभती जनावरं आणि कुणाच्याही सौद्यात मध्यस्थी करण्याची जुनी हौस. थोरला मुलगा नांदेड फाट्यावर दुकान चालवतो, त्याला गाडी मालासाठी हवी. धाकटा पुण्यात नोकरीला, त्याला गाडी मित्रांसाठी हवी. आईला गाडी नकोच आहे, पण आणणारच असाल तर दसऱ्याला आणा, एवढंच तिचं म्हणणं. अशा घरात शेवटी कुणाचं खरं होतं ते वेगळं सांगायला नको.

घोळ सुरू झाला तो १५ ऑगस्टला. लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याचं सूतोवाच केलं आणि दिवाळीची भेट म्हटलं. झालं! भेट मिळणार हे कळल्यावर आदल्या महिन्यात पैसे मोजून तीच वस्तू घेईल असा माणूस राजगड तालुक्यात जन्मायचा आहे. (त्याच ऑगस्टात वेल्हे तालुक्याचं नाव अधिकृतपणे राजगड झालं. नाव नवं, ग्रील नवं, रस्ते तेच. तालुक्यालाही नवं मॉडेल येऊ शकतं, हे त्यामुळे पटायला सोपं गेलं.) ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं निर्णय घेतला : चार मीटरच्या आतली आणि दीड हजार सीसीच्या आतलं डिझेल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत. आधी २८ टक्के कर आणि वर ३ टक्के उपकर होता. २०१६ साली कापलेले ते ११ सेंटिमीटर नऊ वर्षांनी असे कामी आले. न कापते, तर गाडी ४० टक्क्यांच्या पंगतीत बसली असती. नवा दर लागू होणार होता २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला. सरकारनं पंचांग पाहून तारीख धरली की काय, असं क्षणभर आबांना वाटलं.

पण कंपनीनं पंचांग पाहिलं नव्हतं. महिंद्रानं २२ तारखेची वाट न पाहता ६ सप्टेंबरपासूनच किमती उतरवल्या. बोलेरोची १ लाख २७ हजारांपर्यंत. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका सोडून शोरूमला कोण जाणार? ७ तारखेला रात्री खग्रास चंद्रग्रहण. ८ तारखेपासून पितृपक्ष, तो थेट २१ सप्टेंबरच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत. सव्वा लाख रुपये दारात उभे आणि घरात घ्यायला एकही दिवस चांगला नाही! 'पितरं काय जीएसटी भरत्यात का?' असं थोरल्यानं विचारून पाहिलं. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो भाताला पाणी लावायला निघून गेला.

आता खरा पेच. धाकट्याच्या मोबाईलवर काळ्यापांढऱ्या नक्षीची चादर पांघरलेल्या एका बोलेरोचे फोटो फिरत होते. चाचणीच्या गाडीला कंपन्या असं झाकतात, म्हणजे कुणाला कळू नये की ही बोलेरो आहे. पण बोलेरोला चादर पांघरली तरी ती चादर पांघरलेली बोलेरोच दिसते. 'आबा, नवी येतीय. थांबू या,' धाकटा म्हणाला. शोरूममधल्या पोरानं गुळगुळीत उत्तर दिलं : 'साहेब, आम्हाला वरून काही कळवलेलं नाही.' आणि त्याच दमात, 'दसऱ्याची डिलिव्हरी हवी असेल तर टोकन आजच द्या. स्टॉकमधल्या गाडीवर एक्स्चेंज बोनस आहे, सीट कव्हर आणि मॅट फ्री.' नवं काही येणारच नसेल तर जुन्यावर एवढा जीव कशाला, हा प्रश्न आबांनी मनात ठेवला. सौद्यात मनातला प्रश्न बोलून दाखवला, की त्याची किंमत कमी होते.

त्याऐवजी ते टायरपाशी उकिडवे बसले. बैलाचे दात पाहून वय सांगण्यात त्यांची हयात गेलेली. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, हे धाकट्यानं सांगितल्यापासून त्यांना नवं बळ आलं होतं. तिथे १८२५ होतं. २०२५चा अठरावा आठवडा. म्हणजे टायर एप्रिल संपता संपता तयार झालेला, आणि गाडी त्यानंतर मेचं ऊन अन् चार महिन्यांचा पाऊस खात कुठल्याशा यार्डात उभी. 'पोरा, ही तर आमच्या म्हशीच्या रेडकापेक्षा थोरली हाय,' आबा म्हणाले. पोरानं आणखी पाच हजार कमी केले. त्या दिवशी शोरूममधल्या प्रत्येक गाडीच्या टायरपाशी कुणी ना कुणी उकिडवं बसलेलं दिसलं, ते आबांचंच लोण.

हा आकडा पाहावा, असं प्रस्तुत लेखकाचंही मत आहे. जुन्या मॉडेलवरची सूट मोठी दिसते, पण गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न 'कुठल्या सालची' हा विचारतं आणि दुसरा 'नव्या तोंडाची का जुन्या'. विम्याचं कोष्टक आणखी निष्ठुर : सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के. दहा वर्षं गाडी वापरून तिच्यातच म्हातारं होणाऱ्या माणसाला या कोष्टकाची भीती नाही. दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यानं मात्र सुटीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत. विकताना ते परत करायचे असतात. पानशेतच्या बाजूला बोलेरो तीन वर्षांत विकणारा माणूस सापडला, तर त्याच्या घरी काहीतरी अडचण आहे असं समजून लोक भेटायला जातील.

तर निर्णय काय? इथे मुहूर्तशास्त्र आडवं आलं. साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. (काही जण अक्षय्य तृतीयेला अर्धा धरतात, त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांच्याकडे गाडी आधीच असते.) २ ऑक्टोबरला दसरा, २२ ऑक्टोबरला पाडवा. तेव्हा प्रश्न असा मांडला गेला : पूर्ण मुहूर्तावर जुनी गाडी, की अर्ध्या मुहूर्तावर नवी? आई पूर्णाच्या बाजूची. धाकटा अर्ध्याच्या. आबांचा कौल थोरल्याला जो फायद्याचा तो. पण थोरल्यालाच फायदा कशात ते कळेना. शेवटी बँकेनं कर्जाच्या कागदांत एक सही कमी निघाल्याचं कळवलं आणि दसरा हुकला. आईनं दोन दिवस बँकेच्या नावानं बोटं मोडली. शेजाऱ्यांनी मात्र दसऱ्याला जुनी बोलेरो आणली, झेंडूचे हार, लिंबू-मिरची, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं साग्रसंगीत.

३ ऑक्टोबरला महिंद्राचीच नवी थार आली. मागच्या बाजूचा कॅमेरा, काचांची बटणं मधून उचलून दारात नेलेली.

६ ऑक्टोबरला नवी बोलेरो आली. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी! शेजाऱ्यांच्या गाडीवरचा झेंडू अजून पुरता वाळलाही नव्हता. किमती ७ लाख ९९ हजारांपासून ९ लाख ६९ हजारांपर्यंत. कंपनीच्या जाहिरात खात्यात एकही मराठी सासूबाई नसावी, एवढाच याचा अर्थ.

आणि नवं होतं तरी काय? ग्रील नवं. काळा रंग नवा. वरच्या मॉडेलला अलॉय चाकं, लेदरसारखी सीटं, १७.८ सेंटिमीटरचा स्पर्शपडदा, टाइप-सी चार्जर. दारात बाटली ठेवायला जागा. पंचवीस वर्षं लोक बाटली मांडीवर धरून पाबे घाट चढले, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणायचं. हिसके कमी बसावेत म्हणून सस्पेन्शन सुधारलेलं, आणि कादवे खिंडीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीनं खरा बदल हाच. बाकी इंजिन तेच, ७५ अश्वशक्तीचं. गिअर पाचच. एअरबॅग दोनच. मागे समोरासमोर गुडघे लावून बसायची ती बाकंही तीच; लग्नाच्या वऱ्हाडात सोयरिकी जुळवण्याची त्यांची क्षमता कंपनीनं अबाधित ठेवली.

मुहूर्ताचा असा दगा महाराष्ट्राला नवा नाही. २०१७ साली गुढीपाडवा २८ मार्चला होता. पाडव्याला पूर्ण किंमत मोजून अनेकांनी दुचाकी घरी आणली. २९ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं बीएस-३ या जुन्या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. देशभर सव्वाआठ लाखांच्या आसपास वाहनं पडून होती, त्यांतल्या पावणेसात लाखांच्या घरात दुचाकी. पुढच्या दोन दिवसांत होंडानं २२ हजारांपर्यंत, हिरोनं साडेबारा हजारांपर्यंत सूट दिली. लोक एटीएमच्या रांगेतून थेट शोरूमच्या रांगेत गेले, आणि पाडव्याला गाडी घेतलेले लोक त्या रांगांकडे बघत आपल्या गाडीवरून हळूच निघून गेले. त्या वेळी जुनं घेणाऱ्यांचं भलं झालं, हे कबूल करायला हवं : दुचाकी तीच, धूर तेवढा जुन्या मापाचा.

काही वेळा कंपनी जुन्यावर सूट देतच नाही, पदवी देते. जून २०२२मध्ये स्कॉर्पिओ-एन आली तेव्हा जुनी स्कॉर्पिओ मोडीत निघेल असं वाटलं होतं. ऑगस्टमध्ये ती 'क्लासिक' होऊन परत आली. सेवानिवृत्तीच्या दिवशी सत्कार करून त्याच खुर्चीत सल्लागार म्हणून बसवतात, तशी. मारुतीची अल्टो २०००मध्ये आली तरी ८०० जानेवारी २०१४पर्यंत कारखान्यातून निघत राहिली. तेव्हा 'आता ही बंद होणार, शेवटचीच आहे' असं कुणी म्हटलं, तर किती वर्षांत, असं विचारावं.

धाकट्याच्या एका मित्रानं मात्र २०२४च्या मेमध्ये जुनी स्विफ्ट सवलतीत घेतली, आणि तिथे हसण्याची बाब जरा कमी. ९ मे २०२४ला आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर होते, अश्वशक्ती नव्वदवरून ८२वर उतरलेली, मायलेज मात्र २२.३८वरून २४.८०वर गेलेलं. 'चार सिलिंडर पुन्हा मिळायचे नाहीत,' म्हणून मित्र जुनीवर खूश. पण नव्या स्विफ्टच्या सगळ्यात साध्या मॉडेललाही सहा एअरबॅग होत्या. जुन्या साध्याला दोन. स्पर्शपडदा, सीट कव्हर, अलॉय, हॉर्न, जे म्हणाल ते पुण्याच्या नाना पेठेत अर्ध्या दिवसात बसवून मिळतं. एअरबॅग बसवून देणारा अजून नाना पेठेतही निघालेला नाही. प्रस्तुत लेखकाची सुटीची कसोटी एवढीच आहे : जे कमी मिळतंय ते नाना पेठेत मिळतं का? मिळत असेल तर जुनी खुशाल घ्या आणि पोराशी अजून घासाघीस करा. दोन्ही बोलेरोंत एअरबॅग सारख्याच असल्यानं आबांच्या घरचा पेच पडदा, बाटली आणि हिसक्यांपुरताच उरला होता.

पाडव्याला गाडी आली. नवी, काळी. आईला काळा रंग पसंत नव्हता, पण दृष्ट लागणार नाही या मुद्द्यावर तिनं तो मंजूर केला. गाव जमलं, भोवती फिरलं, दारातली बाटलीची जागा हात घालून पाहून झाली आणि मग कुणीतरी विचारलंच, 'पण यात नवीन काय?'

शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी आपली दसऱ्याची पांढरी घेऊन तडक नाना पेठेत गेले. नवं ग्रील जुन्या बोलेरोला बसतं का, अशी चौकशी त्यांनी केली. दुकानदारानं मान वर न करता सांगितलं, 'बसवू की. पण ओरिजिनल घेऊ नका, काका. महिनाभर थांबा, डुप्लिकेट येतंय.'