काटकसरीचा दंड

आमच्या बीडच्या एका मास्तरांनी काटकसर म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा १ लाखावरून ४० हजारांवर आणली. खर्च तोच, महिन्याला २० हजार. बिलही तारखेच्या आत. तरी सिबिल स्कोअर घसरला! कारण मर्यादेचा वापर काल २० टक्के होता, आज ५०. साधारण ३० टक्क्यांच्या वर गेलं, की ३०० ते ९०० गुणांच्या या परीक्षेत मार्क कापतात. खिशात पैसे आहेत की नाहीत, हा प्रश्नच पेपरात नाही. इकडे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याची वाट धरतो. त्याला सिबिल लागत नाही. फेडायला मात्र अख्खा हंगाम लागतो. मास्तर आता मर्यादा वाढवून मागताहेत. बँक म्हणते, आधी स्कोअर सुधारा.