लष्कराच्या भाकऱ्या

भंगारवाल्याला गिऱ्हाईक दिसावं लागत नाही, त्याला वास येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी मी एखाद्या ढिगापाशी नुसता रेंगाळलो की पलीकडचे चाचा तंबाखू मळता मळता हाक मारतात, "या साहेब, तुमच्यासाठीच ठेवलंय." मग गोणपाटाखालून एक गंजलेली वस्तू निघते. "ओरिजिनल मिलिट्री. वर्ल्ड वॉरचा माल." बहुधा तो शिलाई मशीनचा सुटा भाग असतो. पण चाचा तो असा दोन्ही हातांनी पुढे करतात की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

माझ्याकडे बीएसए एम-20 आहे. म्हणजे चासी आहे, इंजिन आहे, टाकीचा बराचसा भाग आहे. उरलेली गाडी जगभर विखुरली आहे आणि ती गोळा करणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. मुळात बंदुकांचा कारखाना, म्हणून बोधचिन्हातही एकमेकींना टेकून उभ्या तीन रायफली. व्हॅल पेज यांनी आखलेली ही गाडी 1937 साली आली आणि युद्धात तिचे सव्वा लाखाच्या आसपास नग निघाले. इंजिन 496 सीसीचं, ताकद 13 हॉर्सपॉवर. आज दीडशे सीसीची गाडी हसत हसत तेवढं देते. मागच्या चाकाला शॉकअॅब्सॉर्बर नाही. ते खातं सीटखालच्या दोन स्प्रिंगा आणि स्वाराचे मणके मिळून सांभाळतात.

गाडी खोलायची तरी वेगळे पाने लागतात. नटबोल्ट व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेडचे. व्हिटवर्थच्या पान्यावर 1/4 कोरलेलं असतं, पण तो पाना कुठूनही मोजा, पाव इंच भरत नाही. तो आकडा नटाचा नसतोच, आतल्या बोल्टच्या दांड्याचा असतो. हे समजावून सांगितल्यावर आमच्या मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि विचारलं, "साहेब, या लोकांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य कसं केलं हो?"

खरी मौज रबराची. 1942 साली जपानने मलाया घेतलं आणि इंग्लंडचं रबर आटलं. मग हँडलच्या मुठी कॅनव्हासच्या आल्या, फुटरेस्ट उघड्या लोखंडाचे झाले, टाकीवरची गुडघ्याची रबरं गेली. माझी गाडी त्यानंतरची. तेव्हा ती अस्सल करायची तर आधी टंचाई अस्सल हवी. आधीच्या मालकाने हौसेने बसवलेली मऊ रबरं मी काढली आणि पायाला टोचेल असं लोखंड शोधत हिंडू लागलो.

"चांगलं आहे ते काढायचं आणि वाईट बसवायला पैसे मोजायचे," ही म्हणाली. "अहो, निदान माणसाला सांगता येईल असा तरी नाद लावून घ्यायचा."

मुठी शेवटी शाळेची दप्तरं शिवणाऱ्या एकाने करून दिल्या. जाड कॅनव्हासची पट्टी थरावर थर गुंडाळून, चिकटवून, कडक वाळवून. काम झकास. फक्त कडेला त्याने आपल्या मनाने लाल पायपिन लावली होती. "तेवढीच शोभा," म्हणाला. त्याच्या डोळ्यांदेखत ती उसवायचा धीर झाला नाही. घरी आणून उसवली.

टूलबॉक्सचं झाकण मात्र इथे कुठेच मिळेना, म्हणून थेट इंग्लंडहून मागवलं. पौंडांत पैसे मोजले, वर कस्टम भरलं. खोका उघडला तर झाकण हिंदी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नव्याने घडवलेले कितीतरी भाग आपल्याकडेच बनून तिकडे जातात. माझं झाकण विलायतेला जाऊन, थंडी खाऊन, चौपट किमतीचं होऊन माहेरी परतलं होतं.

रंगाचं तर विचारूच नका. लोकांना वाटतं मिलिट्री म्हणजे हिरवा. पण हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियम ऑक्साइड युद्धात तुटपुंजं झालं आणि ब्रिटिश फौजेच्या गाड्या 1942 पासून तपकिरी होऊ लागल्या. ऑलिव्ह ड्रॅब आला तो 1944 मध्ये. मी तपकिरीचे नमुने जुळवत बसलो होतो, तेव्हा हिने लांबूनच निकाल दिला, "आहे तशीच ठेवा. गंजाचा रंग तोच आहे."

समोरच्या इमारतीत एक सुभेदार राहतात, आर्मी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंजिन आणि चासीच्या न जुळणाऱ्या नंबरांवरून मी रडगाणं गायलो, तेव्हा त्यांनी शांतपणे चहा संपवला. "ओव्हरहॉलला गाड्या आल्या की आम्ही सगळ्या खोलायचो. इंजिनं इकडे, गिअरबॉक्स तिकडे, चासी भलतीकडेच. नंतर हाताला लागेल ते जोडायचं, रंग मारायचा, गाडी बाहेर. नंबर जुळवत बसलो असतो तर जवान बॉर्डरवर चालत गेले असते."

म्हणजे खुद्द लष्कराला जे कधी जमवावंसं वाटलं नाही, ते मी पेन्शनीतून जमवतोय. आमच्या मिस्त्रीने लेथवर काढलेला बुश ज्या दिवशी बसवला, त्या दिवशी गाडी सर्वांत जास्त मिलिट्रीची झाली म्हणायची! हे पटलं. रात्री झोपही छान लागली. सकाळी उठून मी पुन्हा ब्रिटिश सरकारी मालावरचा तो बाणाचा छाप असलेला नट शोधायला बाहेर पडलो.

नट नाही मिळाला, पण मुंबईच्या चोर बाजारात मागे टांगायची खाकी कॅनव्हासची पिशवी मिळाली. जोडीतली एकच. पण आतल्या झडपेवर बाण आणि 1943, दोन्ही स्पष्ट. मी ती खुर्चीवर ठेवून आंघोळीला गेलो. परत येतो तो पिशवी साबणाच्या पाण्यातून निघून दोरीवर चढलेली.

"किती घाण होती हो! बादलीतलं पाणी काळं झालं."

मी झडप उलटून पाहिली. बाणाच्या जागी पुसटसा डाग होता, आकड्यांच्या जागी तोही नव्हता. माझा चेहरा बघून तिने फोनशेजारचं मार्कर पेन उचललं.

"एवढं काय त्यात? काढून देते परत. साल कुठलं घालू?"