थोडं थरथरावं

'डिडर' हा इंग्रजी शब्द आता बहुतेक जाडजूड शब्दकोशातच भेटतो. अर्थ थरथरणं, लटलट कापणं. नुसता उच्चारला तरी दातावर दात आपटतात. त्याचाच भाऊ 'डिदर'. तोही आधी नुसताच कुडकुडायचा. विसाव्या शतकात मात्र अंगातलं कापरं मनात शिरलं आणि 'डिदर' म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, असं घुटमळणं झालं. शब्दाची अब्रू गेली.

ती परत मिळवून दिली अभियंत्यांनी. दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट ध्वनितंत्राच्या पुस्तकांत सांगतात. बॉम्बफेकी विमानांतली आकडेमोड करणारी यंत्रं म्हणजे दातेरी चक्रांचं जंजाळ. ती जमिनीवर चुकायची आणि आकाशात अचूक चालायची! इंजिनाच्या हादऱ्यांनी चिकटून बसणारे भाग मोकळे राहायचे. मग यंत्रांत मुद्दाम थरथरणाऱ्या छोट्या मोटारी बसवल्या आणि त्या थरथरीला नाव पडलं 'डिदर'. शाळेच्या प्रयोगशाळेत अमीटरचा काटा अडकला की सर काचेवर टिचकी मारायचे, तेच हे शास्त्र.

पुढे हा शब्द संगीतात गेला. सीडीवर आवाज 65,536 पायऱ्यांत मोजला जातो. तंबोऱ्याचा नाद विरत विरत शेवटच्या एक-दोन पायऱ्यांवर आला की पंचाईत होते. दोन पायऱ्यांच्या मधे उभं राहायची सोय नाही, म्हणून तो खरखरीत होतो आणि मधेच तुटतो. त्यावर उपाय म्हणून एखाद्या पायरीएवढा बारीक गोंगाट आधीच मिसळतात. मग नाद कधी वरच्या पायरीवर पडतो, कधी खालच्या, आणि सरासरीत मधली जागा राखली जाते. कानाला हलकी सळसळ जाणवते, पण नाद सुखाने विरतो. अभियंते लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी तर सीडी येण्याच्या बऱ्याच आधी, 1962 मध्ये, हीच युक्ती चित्रांसाठी मांडली होती.

हे वाचून साडीच्या दुकानात दोन तास घुटमळणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. अभियंते थरथर मोजूनमापून घालतात. प्रमाण वाढलं की गाणं बुडतं आणि नुसती खरखर उरते. खरी गरज आहे ती दुसऱ्या टोकाच्या मंडळींना. त्यांचा काटा 'मी म्हणतो तेच' वर वर्षानुवर्षं अडकलेला असतो आणि त्यालाच ते ठामपणा म्हणतात. एक टिचकी पुरेल. फक्त ती मारायची कोणी, हा प्रश्न उरतो. विशेषतः काटा अडकलेले गृहस्थ नात्याने आपले सासरे असतील तर.