सेटअपराव

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात एका माणसाची लगीनघाई सुरू होते. जेवायला बसल्यावर डबा उघडा तसाच राहतो आणि हा वहीत चौकोन काढत असतो. मध्येच मान वर करून विचारतो, "यंदा फोल्डर दिवसागणिक करावं, की दिवसाच्या आत भागागणिक?" नव्या पोरांना वाटतं, क्लायंटचं काहीतरी मोठं काम आलंय. जुन्यांना कळतं, डिसेंबर आला. आधी आम्ही त्याला पाठीमागे सेटअपराव म्हणायचो. आता तोंडावर म्हटलं तरी ओ देतो.

डिसेंबरात 'ॲडव्हेंट ऑफ कोड' नावाचा एक खेळ असतो. एरिक वास्टल या अमेरिकन प्रोग्रामरनं तो 2015 साली सुरू केला. नाताळची वाट पाहणाऱ्या पोरांना तिकडे एक कॅलेंडर देतात. रोज एक खिडकी उघडायची, आत चॉकलेट. वास्टलच्या खिडकीत चॉकलेटऐवजी कोडं असतं. 2024 पर्यंत 1 डिसेंबरपासून 25 पर्यंत रोज एक कोडं असायचं, त्याचे दोन भाग, प्रत्येक भागाला एक सोनेरी तारा. सगळं सोडवलं तर तेव्हा 50 तारे. बक्षीस म्हणाल तर काही नाही, म्हणून तर लोक एवढे जिवावर उदार होऊन खेळतात.

पहिला भाग सुटल्याशिवाय दुसरा दिसत नाही, आणि खरी खोच त्या दुसऱ्यात असते. 2021 च्या सहाव्या दिवशी कंदीलमासे होते. ठरावीक दिवसांनी प्रत्येक मासा एक पिल्लू घालतो, तर 80 दिवसांनी मासे किती? भल्याभल्यांनी एकेक मासा यादीत मांडून उत्तर काढलं. मग दुसरा भाग उघडला: 256 दिवसांनी किती? नमुन्यात दिलेल्या पाच माशांचेच तोवर 2,600 कोटींच्या वर होतात. लोकांची मेमरी संपली, मासे संपेनात. एकेक मासा मोजत बसायचंच नव्हतं. कुठल्या वयाचे किती, एवढे नऊ आकडे सांभाळले की झालं. हे मला समजावून सांगणारा माणूस सेटअपरावच. इतकं सुंदर समजावलं की मी विचारलं, "तू सोडवलंस?" तर म्हणाला, "नाही रे, तेव्हा माझं टेस्टिंगचं चालू होतं."

रोजचं कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की उघडतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. तिकडचे लोक त्यासाठी जागरणं करतात. आपल्याला ते चहाबरोबर मिळतं. अडचण एवढीच की आमच्या टीमचा स्टँडअप, म्हणजे रोजची बैठक, तोही साडेदहालाच. सेटअपरावानं तो डिसेंबरपुरता पावणेअकराला नेण्याचा अर्ज केला, कारण दिलं 'परदेशी वेळेशी समन्वय'. मॅनेजरनं मंजूर केला. या पंधरा मिनिटांत सेटअपरावानं आजवर एकही कोडं पूर्ण वाचलेलं नाही. त्या वेळी त्याचं काहीतरी इन्स्टॉल होत असतं.

कोडं सोडवायला लागतं काय? कोड्याबरोबर मिळालेली आपली यादी एका फाईलमध्ये उतरवून घ्यायची, दुसऱ्या फाईलमध्ये वीस-तीस ओळींचा कोड लिहायचा, चालवायचा. सेटअपरावाच्या मते ही झोपडपट्टी झाली. त्याच्याकडे 1 ते 25 अशी फोल्डरं आधीच बांधून तयार असतात. गिट, म्हणजे आपल्या कोडची बखर ठेवणारा कारकून, रिकामं फोल्डर दप्तरी घेत नाही. त्यावर प्रोग्रामर लोकांनी तोड काढलीय: आत 'गिटकीप' नावाची एक रिकामी फाईल ठेवायची. म्हणजे सेटअपरावाच्या घरी पंचवीस रिकाम्या खोल्या, आणि त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून प्रत्येकीत एक रिकामी पेटी. शिवाय कोड नीटनेटका आहे का ते तपासणारा लिंटर, कोडच्या वेण्या घालणारा फॉर्मॅटर, प्रत्येक उत्तराला किती मिलिसेकंद लागले त्याचा तक्ता आणि सगळं हिरवं असल्याची ग्वाही देणारा एक बिल्ला. सगळं हिरवंच असतं. जिथे कोडच नाही तिथे चुकणार काय?

भाषा दर वर्षी नवी. 2018 साली पायथन होती, तेव्हा त्यानं सात तारे मिळवले. तो त्याचा सुवर्णकाळ. नंतर रस्ट आली. त्या भाषेचा कंपायलर कुठली वस्तू कुणाच्या मालकीची आहे ते विचारल्याशिवाय पाऊल पुढे टाकू देत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर पोसलेल्या मराठी माणसाला हे खरं तर जमायला हवं. दोन तारे. मग हास्केल. त्या वर्षी एक तारा आणि कँटीनमध्ये आम्हा सर्वांना मोनाडवर पाऊण तासाचं व्याख्यान. पुढच्या दोन वर्षांत तारा नाही, पण रिपॉझिटरी दोन झाल्या: एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल-नवीन'.

त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, यात नवल वाटत नाही. शाळा उघडायच्या आधी हा पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचा, कोपरे असे दुमडायचा की शेजारची मुलं आपली पुस्तकं त्याच्याकडे आणून टाकत. दहावीला वेळापत्रक चार रंगांत केलं होतं. ते सुकेपर्यंत सहामाही आली. मला विचाराल तर यात आळशीपणा कुठेच नाही. आळशी माणूस एवढं राबत नाही. कोडं दुसऱ्यानं घातलेलं असतं आणि त्याचं उत्तर चुकू शकतं. मांडणीचा प्रश्नही आपला, उत्तरही आपलंच, आणि तिथे नापास करायला कुणी नसतं. एवढं साधं आहे ते. मी हे त्याला कधी बोललो नाही, कारण माझ्याही घरी 2016 पासून एक गिटार आहे आणि तिला फार चांगली गवसणी आहे.

2024 चा 1 डिसेंबर रविवारी आला. त्यानं मला कर्वेनगरला घरी बोलावलं, पोह्यांचं आमिष दाखवून. काकू म्हणाल्या, "आज अमावास्या आहे रे. दुपारनंतर बैस." पण साडेदहा काही अमावास्येसाठी थांबत नाहीत. यंदा त्यानं यादी आपोआप उतरवणारी स्क्रिप्ट लिहिली होती. स्वयंचलित मागण्यांनी आमच्या सर्व्हरला छळू नका अशी वास्टलची विनंती असते. ती सेटअपरावानं इतकी मनावर घेतली होती, की एकदा मागणी केली की पंधरा मिनिटं दुसरी करायचीच नाही असा बंदोबस्त स्क्रिप्टमध्येच करून ठेवला. त्याच्या लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद पुढे निघालं. खिडकी उघडायच्या तीन सेकंद आधी स्क्रिप्टनं दार वाजवलं, आतून 'असं काही नाही' असं उत्तर आलं, आणि स्क्रिप्ट पंधरा मिनिटांसाठी मौनात गेली.

तोवर मी मोबाइलवर कोडं उघडून काकूंना वाचून दाखवलं. एल्फ मंडळींच्या, म्हणजे सांताक्लॉजच्या घरगड्यांच्या, दोन याद्या आहेत. दोन्ही लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या, जोड्या जुळवायच्या, प्रत्येक जोडीतला फरक काढून बेरीज करायची. नमुन्याला सहा-सहा आकडे. काकूंची नोकरी बँकेत झाली. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय घरी यायचं नाही अशी तीस वर्षं. त्यांनी कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान नुकतंच फाडलं होतं. त्याच्या कोपऱ्यात दोन रांगा लिहिल्या. दोन, एक, शून्य, एक, दोन, पाच.

"अकरा," काकू म्हणाल्या. "पोहे वाढू?"

अकराच होतं. सेटअपराव स्क्रिप्टकडे बघत होता.

"मग खरी यादी कुठाय?"

"येईल आई, अजून बारा मिनिटं."

"हातानं उतरवून घे की."

"हातानं घ्यायची तर मग स्क्रिप्ट कशाला लिहिली?"

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आम्ही पोहे खाल्ले.

त्या आठवड्यात मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. काकूंनी चौरंग मांडला, कलशात डहाळ्या आणि नारळ ठेवला, वीस मिनिटांत मांडणी झाली, आणि त्या पोथी घेऊन बसल्या. हा मागे उभा राहून बघत होता. तेव्हा त्या न वळता म्हणाल्या, "तुझी मांडणी माझ्यापेक्षा देखणी असते रे. पण तू कहाणी कधी वाचतोस?" हे त्यानंच मला शुक्रवारी ऑफिसात हसत हसत सांगितलं. "मी काय म्हटलं माहितीये? आई, कहाणी वाचायला आधी पार्सर लागतो." पार्सर, म्हणजे मजकुराची फोड करून देणारा कोड, तो शनिवारी लिहिणार होता.

त्याची बाजू मांडायची तर एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या टीममधल्या एका नवख्या मुलीनं त्याचा सगळा साचा उचलला आणि 25 तारखेला 50 तारे पुरे केले. तिनं येऊन त्याचे आभार मानले, वर पेढे दिले. हा दोन दिवस तरंगत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तिचा कोड उघडून पाहिला. तिनं लिंटर काढला होता, बिल्ला काढला होता, टेस्टचं अख्खं फोल्डर उडवलं होतं. शिल्लक होत्या त्या पंचवीस खोल्या. "निदान खोल्या तरी ठेवल्यान्," तो म्हणाला. मला वाटतं, त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

पुढे बातमी आली की 2025 पासून वास्टल 25 ऐवजी 12 दिवसच कोडी घालणार. जागतिक क्रमवारीही बंद. ऑफिसातल्या कोडीवाल्यांनी सुतक पाळलं. सेटअपराव मात्र उजळला. बाराच दिवस म्हणजे यंदा नक्की पूर्ण होणार, असं त्यानं मला लिफ्टमध्ये सांगितलं. अर्थात आधी साफसफाई करावी लागणार होती, कारण साच्यात पंचवीसचा आकडा ठिकठिकाणी कोरलेला होता.

म्हणून त्यानं तेरा ते पंचवीस ही फोल्डरं काढून टाकणारी एक स्क्रिप्ट लिहिली. तिला चाळीस टेस्ट आहेत, सगळ्या हिरव्या. फोल्डरं अजून तिथेच आहेत.