दाबू तरी कोणतं?

अचलपूरचा पाहुणा तोक्योत उतरतो आणि पहिल्याच शौचालयात अडतो. तोतो कंपनीने 1980 साली आणलेल्या वॉशलेटला बटणं इतकी, की धुवायचं सोडून भलतंच दाबलं जातं. एक बटण तर नुसता पाणी सोडल्याचा आवाज काढतं. शेजारच्याला काही ऐकू जायला नको! गुड मॉर्निंग पथकाची शिट्टी वाजेस्तोवर गोदरीवर बसून ग्रामपंचायतीचा निकाल लावणाऱ्यांना हा संकोच कसा उमगावा?

जुन्या स्टेशनांत उकिडवं बसायची सोय आढळते. पाहुणा सुखावतो, पण बसतो उलटा.

तोक्योतल्याच शिबुयात वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी 2020 मध्ये चक्क काचेची शौचालयं उभारली. आतून कडी लावली की काच धूसर होते. आपल्या एसटी स्टँडवर कडीच नसते, म्हणून माणूस आत बसून खाकरत राहतो.