बडा घर, फेसाळ वासा

मध्यमवर्गीय माणसाला काटकसर करायची असते, पण करताना कोणी पाहू नये अशी त्याची अट असते. ही अट साबणवाल्या कंपन्यांनी फार पूर्वीच ओळखली. म्हणून अधूनमधून बाजारात एखाद्या महागड्या ब्रँडची स्वस्त पावडर अवतरते. नाव तेच, रंग तोच, पुड्यावरचा लखलखता स्फोटही तोच. नावाखाली बारीक अक्षरांत एखादं गोंडस विशेषण चिकटवलेलं असतं आणि किंमत थोरलीच्या निम्म्याच्या आसपास असते. पुडा काउंटरवर ठेवला की मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याला नाव दिसतं, भाव दिसत नाही. गरजूची इतकी अब्रू सांभाळणारी योजना सरकारलाही अजून जमलेली नाही.

आमच्याकडे ही धाकटी पाती महिन्याच्या किराण्यातून आली. यादीत थोरलीचं नाव होतं, वाण्याकडे धाकटी होती. भाव ऐकल्यावर बायकोने तिला परत पाठवलं नाही.

"अहो, कंपनी तीच आहे," तिने पिशवी रिकामी करता करता मला सांगितलं. मी काहीच विचारलेलं नव्हतं. म्हणजे हा खुलासा माझ्यासाठी नव्हता. तो आतल्या खोलीत बसलेल्या आईसाठी होता.

"कंपनी म्हणजे काय धर्मशाळा आहे?" आतून उत्तर आलं. "भाव निम्मा केलाय म्हणजे आतलं काहीतरी काढून घेतलेलं असणार. काय काढलंय ते बघा आधी."

आईच्या या एका वाक्याने आमच्या घरात चौकशी आयोग बसला. मुदतवाढ न घेता त्याने अहवाल दिला, एवढंच त्याचं वेगळेपण.

आईच्या शंकेला मोठा इतिहास आहे. 1959 साली सर्फ भारतात आली तेव्हा घरोघरी साबणाची वडी, धुण्याचा सोडा आणि रेशमी वस्त्रांना रिठे असा कारभार होता. पावडर पाण्यात टाकायची, कपडे भिजवायचे आणि आपण स्वस्थ बसायचं, ही कल्पनाच तेव्हाच्या गृहिणींना संशयास्पद वाटत असे. घासल्याशिवाय मळ निघतो यावर विश्वास बसायला वेळ लागला. तो बसतो न बसतो तोच 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या गृहस्थांनी घरच्या घरी पिवळी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञाची नोकरी, आणि फावल्या वेळात हा उद्योग. मुलीच्या नावावरून पावडरीचं नाव ठेवलं निरमा. सर्फच्या किमतीच्या एका छोट्या तुकड्यात ती किलोभर मिळायची. पुढे तिची जाहिरात रेडिओवर आणि दूरदर्शनवर इतकी वाजली, की पाढे विसरलेल्या मुलांनाही ती पाठ होती.

आमच्या घरात मग कपड्यांच्या इयत्ता ठरल्या. सर्फचा डबा वरच्या फळीवर, निरमाचा पुडा मोरीत. बाबांचे कचेरीतले शर्ट आणि आईची लग्नाकार्यातली पातळं सर्फमध्ये. आमचे गणवेश निरमात. पायपुसणी आणि फडकी सोड्यात. माझा शर्ट सर्फच्या बादलीत गेला की मी समजत असे, उद्या कुणाकडे तरी जेवायला जायचं आहे.

निरमाने बाजार असा काही धुऊन काढला की सर्फवाल्यांना ऐंशीच्या दशकात ललिताजींना बोलवावं लागलं. अ‍ॅलेक पदमसी यांच्या जाहिरातसंस्थेने उभं केलेलं आणि कविता चौधरी यांनी साकारलेलं ते पात्र आठवत असेल. निळ्या काठाची पांढरी साडी, मोठं कुंकू, आणि नजर अशी की भाजीवाल्याने आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकावेत. या बाई भाजीत पैशापैशाची घासाघीस करून यायच्या आणि पावडर मात्र महागडीच घ्यायच्या. त्यांचा हिशोब असा, की महागडी अर्धा किलो पावडर स्वस्तातल्या एक किलोचं काम करते, तेव्हा महाग घेणं हीच खरी काटकसर. हे तत्त्वज्ञान आमच्या बायकोने पुढे साड्या, कुकर, सोफा आणि माझ्या मेव्हण्याच्या लग्नातला आहेर अशा अनेक क्षेत्रांत यशस्वीपणे लागू केलं.

गंमत अशी, की ललिताजी हे दूरदर्शनवर सांगत होत्या त्याच दशकाच्या अखेरीस त्यांच्याच कंपनीने व्हील नावाची स्वस्त पावडर काढली. म्हणजे समोरच्या दारात उभं राहून महागाचे गुण गायचे आणि मागच्या दाराने स्वस्त विकायचं. फक्त तेव्हा लाज शिल्लक होती. स्वस्त पावडरीला वेगळं नाव दिलं होतं. सर्फ आणि व्हील एका घरच्या आहेत हे गिऱ्हाइकाला पुड्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नसे.

पुढे तोही पडदा गेला. 2009 च्या डिसेंबरात टाइडने टाइड नॅचरल्स नावाची स्वस्त धाकटी आणली, साधारण पन्नास रुपये किलो. लगोलग सर्फच्याच कंपनीच्या रिनचा भाव सत्तरवरून पन्नासवर आला. सत्तरची पावडर एका रात्रीत पन्नासला परवडू लागली, यावरून आधीचे वीस रुपये कशाचे होते हा प्रश्न आईने तेव्हाही विचारला होता. 2010 च्या फेब्रुवारीत रिनने टाइडचं थेट नाव घेऊन जाहिरात केली, ती कलकत्ता उच्च न्यायालयाने थांबवली. तिकडे मद्रास उच्च न्यायालयात वाद असा, की नॅचरल्सच्या जाहिरातीतून तिच्यात लिंबू आणि चंदन आहे असं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते नाही. न्यायालयाने जाहिरात बदलायला सांगितली. देशातल्या न्यायालयांत लाखो खटले तुंबलेले असताना न्यायमूर्तींनी पावडरीत लिंबू आहे की नाही हे तपासावं, यावरून भारतीय समाजात धुण्याला किती मानाचं स्थान आहे ते कळतं.

तर, काय काढून घेतलं असेल? आयोगाने पुडा उलटा करून वाचायला घेतला. पुढच्या बाजूला दहा हातांची ताकद, शंभर फुलांचा सुगंध आणि हजार सूर्यांचा उजेड असतो. मागच्या बाजूला मुंगीलाही भिंग लागेल अशा अक्षरांत वजन, बॅच क्रमांक आणि तक्रारीचा पत्ता. मग आमचे चिरंजीव, जे रसायनशास्त्र शिकतात असा फीच्या पावत्यांवरून आमचा समज आहे, त्यांनी पुढाकार घेतला.

त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कोणत्याही पावडरीत मळ सोडवणारं एक मुख्य रसायन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकटपणाला, आणि या ओढाताणीत मळ कपड्यावरून उचलला जातो. हे दोन्ही पुड्यांत असतं. सोडाही दोन्हींत असतो, पण स्वस्तात त्याचा हात सैल असतो, कारण तो स्वस्त. उरलेली जागा भरायला मीठवर्गातले पदार्थ असतात. ते मळाला काही करत नाहीत, वजनाला मात्र फार मदत करतात. महागडीत जास्त असतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम्स. एक जातं घाम, दूध, रक्त यांच्या डागांवर, दुसरं पिठुळ डागांवर, तिसरं तेलातुपावर. ती महाग असतात आणि नाजूकही. उकळतं पाणी ओतलं की निकामी होतात.

"म्हणजे काम करणारी माणसं काढली आणि जागा भरणारी ठेवली," बाबा म्हणाले. बाबांनी सगळी नोकरी सरकारी कचेरीत काढली. त्यांना एकदम सगळं समजलं.

पावडरीतल्या निळ्या-हिरव्या दाण्यांबद्दलही खुलासा झाला. बहुतेक वेळा ते रंगवलेले साधे क्षारच असतात आणि त्यांचं मुख्य काम गिऱ्हाइकाकडे बघून चमकणं हे असतं. आणि तो दिपवणारा पांढरेपणा? पावडरीतलं एक द्रव्य कपड्याला चिकटून बसतं, उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड परत टाकतं. डोळ्याला वाटतं, शर्ट पांढराशुभ्र झाला. मळ होता तिथेच असू शकतो. पूर्वी पिवळेपणा झाकायचं काम नीळ करायची. पण बादलीत ती चार थेंब जास्त पडली की शर्ट आकाशी व्हायचा आणि फसवणूक निदान जगजाहीर व्हायची.

एवढ्या ज्ञानानंतर प्रत्यक्ष परीक्षा. पहिला पेपर वरणाच्या डागाचा. बाबांच्या सदऱ्यावर तो कायम उपलब्ध असतो. धाकटीच्या पाण्यात सदरा बुडताच पिवळा डाग लालभडक झाला आणि बायको किंचाळली. चिरंजीवांनी सांगितलं, की हळद सोड्याच्या पाण्यात लाल होते, हा तिचा स्वभावच आहे. प्रयोगशाळेत याच गुणावर आम्लारी ओळखतात. थोरलीतही लाल होते. सदरा खळबळून गच्चीत टाकला. संध्याकाळी डाग पार फिका झालेला. धाकटीचा जयजयकार सुरू झाला, तेवढ्यात आई म्हणाली, "पावडरीने नाही, उन्हाने गेला. हळद उन्हाला टिकत नाही. आमच्या हळदीच्या साड्या काय पावडरीने पांढऱ्या झाल्या होत्या?" सूर्याने इतकी वर्षं काम केलं आणि श्रेय कंपन्यांनी घेतलं. त्याने जाहिरातसंस्था नेमली नाही हे त्याचं चुकलं.

दुसरा पेपर कॉलरचा. इथे धाकटी सरळ नापास. घाम, तेल आणि पुण्याची धूळ यांच्या युतीपुढे तिने हात टेकले. थोरलीने तासभर भिजवून जे काम केलं असतं ते धाकटीच्या पाण्यात रात्रभर झालं नाही. चादरी, टॉवेल, पडदे आणि चिरंजीवांच्या जीन्स यांत मात्र ती पहिल्या वर्गात पास झाली. अर्थात चिरंजीवांच्या जीन्स धुतल्या आहेत की नाहीत हे ओळखण्याचं साधन जगात नाही.

तिसरा पेपर मशिनचा, आणि तो सोसायटीत गाजला. ही पावडर बादलीसाठी होती. बादलीवाल्या पावडरीला फेस भरपूर लागतो, कारण आपल्याकडे फेस नाही म्हणजे साबण नाही अशी पक्की समजूत आहे. फेसाचा आणि मळ निघण्याचा संबंध फार दूरचा, पण मतं फेसालाच मिळतात. चिरंजीवांनी समोरून उघडणाऱ्या मशिनमध्ये ती सढळ हाताने घातली. फेसामुळे आतले कपडे आपटायचेच थांबले आणि नुसते तरंगू लागले. थोड्या वेळाने मशिनने शीळ घातली, लाल दिवा लावला आणि गॅलरीच्या जाळीतून पांढरे ढग खालच्या मजल्याकडे निघाले. खालच्या काकांचा फोन आला, "अहो, तुमच्याकडे कसला कार्यक्रम आहे का?" काकू मात्र वासावरून ब्रँड ओळखून मोकळ्या झाल्या. "महागातली दिसतेय हो," त्या म्हणाल्या. बायकोचा चेहरा उजळला. धाकटीने पैसे तिथेच वसूल केले.

दुसऱ्याच दिवशी धाकटी थोरलीच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात ओतली गेली आणि डबा गॅलरीत, लेबल रस्त्याकडे करून, विराजमान झाला.

शेवटचा पेपर आम्ही काढलाच नव्हता. तो मावशींनी काढला. कॉलरी, पांढरे कपडे आणि आईची सुती पातळं आमच्याकडे मावशी हाताने धुतात. आमच्या भागात पाणी टँकरचं, नाही तर बोअरचं. दोन्ही जड. पावडर जास्त लागते आणि खळबळायलाही वेळ लागतो. आठवडाभराने मावशी बायकोला म्हणाल्या, "ताई, डबा जुनाच हाय, पावडर दुसरी घातली व्हय?"

"का हो मावशी? वास तर तोच आहे."

"वासाचं ऱ्हाऊ द्या. हाताला झोंबतीय." त्यांनी तळवे पुढे केले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या.

शेजाऱ्यांना फसवणारं लेबल त्यांच्या हातांना फसवू शकलं नव्हतं. चौकशी आयोगाचं काम तिथे संपलं. त्या निम्म्या किमतीतून काय काढून घेतलं होतं ते आम्हाला कळलं, आणि कुणाकडून, तेही. आमच्या खिशात वाचलेले रुपये सोड्याच्या रूपाने मावशींच्या बोटांतून जात होते. यात कंपनीने काही लपवलं होतं असं नाही. स्वस्त पावडर स्वस्तासारखीच वागत होती. ती महागासारखी दिसावी हा आग्रह आमचा होता, आणि त्यासाठीच आम्ही नावाचे पैसे मोजत होतो. नाव सोडलं असतं तर शेजारच्या फळीवरची बिननावाची पावडर आणखी स्वस्तात मिळाली असती.

आयोगाच्या शिफारशी बायकोने तिथल्या तिथे मंजूर केल्या. जाड्याभरड्या कपड्यांना धाकटी, तीही भिजवायला. कॉलरला आणि हाताने धुवायच्या कपड्यांना थोरली. मशिनला मशिनची, मोजून. हळदीच्या डागाला ऊन. लेबल रस्त्याकडे करावं की भिंतीकडे, या मुद्द्यावर मात्र मतभेद कायम असून त्यासाठी स्वतंत्र समिती नेमली आहे.

वाचकांना एवढंच सांगणं. पुडा घेताना भाव बघा, आणि भावाआधी वजन बघा, कारण हल्ली भाव जागचा हलत नाही आणि वजन गुपचूप उतरतं. आणि नव्या पावडरीत पहिली बादली स्वतःच्या हाताने धुवा. कुठली घ्यायची हे मग तुम्हाला ललिताजींनाही विचारावं लागणार नाही.