शिवणीतली माया

उतारवयात माणसाची उंची घटते आणि कान मात्र वाढतात. ही वडीलधाऱ्यांची चेष्टा नव्हे. इंग्लंडमधल्या जेम्स हीथकोट नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दवाखान्यात आलेल्या २०६ पेशंटांचे कान रीतसर पट्टीने मोजले आणि १९९५ साली हिशेब छापला: वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. म्हणजे पन्नास वर्षांत सेंटिमीटरभर. खोकल्याचं औषध न्यायला यावं आणि डॉक्टरांनी 'जरा कान बघू' म्हणत पट्टी काढावी, तरी मुकाट बसून राहावं, या सोशिकतेचं मला फार कौतुक वाटतं. ऐकू कमी येऊ लागतं त्याच वयात कान लांबावेत, हा निसर्गाचा विनोद असेल, तर तो सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

आमच्या लहानपणी कपडे अंगाला नीट बसतील असे शिवायची पद्धतच नव्हती. मे संपत आला की आई आम्हाला शिंप्यापुढे उभं करी आणि त्यानं टेप गळ्यातून काढायच्या आत सांगे, 'वाढत्या अंगाचं शिवा, आत माया ठेवा.' जूनमध्ये ती खाकी हाफपँट गुडघ्याखाली लोंबायची. पँट आणि आम्ही एकमेकांना बेताचे होईपर्यंत तिचं बूड विरलेलं असे. मधल्या काळात आई ब्लेडनं दुमड उसवायची. खालून करकरीत गडद खाकीची पट्टी उलगडायची आणि तिच्या वर जुन्या घडीची पांढुरकी रेघ. तिच्यावर आई पाणी शिंपडून कितीदा तरी इस्त्री फिरवी, पण रेघ काही हलत नसे.

देह शिवणाराही त्याच आळीतला असावा. तान्ह्या बाळाचं डोकंच बघा, अंगाच्या लांबीच्या पावपट! मोठ्या माणसात ते आठव्या हिश्शाच्या आसपास येतं. डोकं पुढच्या हिशेबानं घेऊन ठेवलेलं, बाकीचा ऐवज सावकाश येतो. मेंदू पहिल्याच वर्षात दुपटीच्या घरात जाणार, म्हणून कवटीच्या शिवणी पक्क्या मारलेल्या नसतात. न्हाऊमाखू घालणारी बाई टाळू भरते तेव्हा तेलकट बोटांखाली ठोके लागतात. दीडेक वर्षात ती जागा बुजते. गुडघ्याला वाटी असते, पण ती कूर्चेची. रांगणं संपून पळापळ सुरू झाली की मग तिथे हाड धरू लागतं. जन्मताना सुमारे ३०० असलेली हाडं एकमेकांना मिळत मिळत शेवटी २०६ उरतात. (एकत्र कुटुंबात याच्या बरोबर उलट घडतं, पण तो विषय निराळा.) आणि पायांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी राखून ठेवलेली असते. ती आहे तोवर उंची उसवत राहते. मिसरूड फुटून काही वर्षं गेली की पट्टी संपते आणि एक्स-रेत त्या जागी एक पुसट रेघ तेवढी राहते. माझ्या गुडघ्याच्या फोटोत मी ती पाहिली. डॉक्टर झिजेबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होते. माझ्या नाकात मात्र ओल्या खाकीवरून फिरणाऱ्या इस्त्रीचा वास होता.

चाळिशीनंतर हिशेब उलटा फिरतो. मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होत जातं आणि दर दहा वर्षांनी सेंटिमीटरभर उंची न सांगतासवरता निघून जाते. तशी ती रोजच जाते म्हणा. दिवसभर चकत्या दबतात, रात्री आडवं झालं की पुन्हा भरतात. त्यामुळे सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. पोलीस भरतीला मुलांना १६५ सेंटिमीटर लागतात. काठावरच्या उमेदवारानं माप सकाळीच द्यावं. बेताच्या उंचीच्या लग्नाळू मुलांनीही कांदेपोहे न्याहारीच्या वेळीच उरकावेत.

आईचं हे ओसरणं आम्हाला कळलं नाही, कारण ती नऊवारी नेसते. पँट असती तर एव्हाना फरशीवर लोळली असती. नऊवारी असला बोभाटा करत नाही. आई जेवढी कमी झाली तेवढं कापड कमरेशी ओच्यात मुरलं आणि घोट्याजवळचा काठ होता तिथेच राहिला. बिंग फोडलं ते फळीनं. स्वयंपाकघरातली ती वरची फळी आईनंच एके काळी मारून घेतलेली, लाडवांचा डबा आमच्या हाती लागू नये म्हणून. आता तिचीच बोटं डब्याच्या बुडाला लागून परत येऊ लागली. 'रंगकामाच्या वेळी सुतारानं फळी वर ठोकलीय,' ती म्हणाली. मी वाद घातला नाही. सुतार आला, त्यानं फळी चार बोटं खाली घेतली आणि मजुरीबरोबर मागच्या हलगर्जीपणाबद्दल बोलणीही खाल्ली. मग आईनं डबा फळीवर ठेवला, टाचा उचलून स्वतः काढून पाहिला, परत ठेवला आणि माझ्या नातवाला खाली उभं करून हात वर करायला लावला. त्याची बोटं अजून वीतभर खाली होती.

'दोन दिवाळ्या तरी काळजी नाही,' ती म्हणाली.